सलवा जुडूमचा निकाल लिहिला म्हणून सुदर्शन रेड्डी नक्षलवादी? मामांना काय उत्तर देऊ?

गोदाकाठ (नांदेड), २ सप्टेंबर २०२५

नमस्कार मंडळी. काल आमच्याकडं महालक्ष्म्यांचं जेवण होतं. पंगती उठल्या, पुरुषमंडळी ओसरीत टेकली आणि उपराष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीचा विषय निघाला. खरं तर चार दिवस झाले, घरात आझाद मैदानातल्या मराठा आरक्षणाच्या आंदोलनाशिवाय दुसरं बोलणं नाही. पण मामांनी मोबाइलवर क्लिप लावली. अमित शहा पोळ्याच्या दिवशी कोचीत बोलले होते तीच. विरोधकांचे उमेदवार, सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश सुदर्शन रेड्डी यांनी नक्षलवादाला मदत केली, सलवा जुडूमचा (छत्तीसगडमधली नक्षलवाद्यांविरुद्धची सशस्त्र मोहीम) निकाल दिला नसता तर २०२० च्या आधीच नक्षलवाद संपला असता, असं शहांचं म्हणणं. मग एका चॅनेलवरची चर्चा लावली. तिथं तर पाहुणे येऊन बसायच्या आधीच खटला निकाली निघालेला होता.

मामा भोकरचे, कृषी खात्यातून रिटायर झालेत. माणूस सरळ आहे, पण एकदा डोक्यात बसलं की बसलं. मला म्हणाले, "तू लॉ करायलीस ना, मग सांग. जवान मेले त्याचं काय? अन् असल्या माणसाला राज्यसभेच्या खुर्चीत बसवायचं?" मी दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या गाइडमध्ये नंदिनी सुंदर खटल्यावर, म्हणजे याच सलवा जुडूमच्या निकालावर, एकच परिच्छेद आहे, तो मी म्हणून दाखवला. त्यावर मामा हसले आणि आईनं मला आत बोलावून घेतलं.

तर जाणकारांनी सांगावं, त्या निकालात नेमकं आहे काय? आणि दुसरं, न्यायाधीश निवृत्त होऊन निवडणुकीला उभा राहिला तर त्याचे जुने निकाल काढून त्याला झोडपणं बरोबर आहे का? मामांचं म्हणणं, राजकारणात आला ना, मग सोसा.

फुकटचा_सल्ला (लातूर)

ताई, मामांशी वाद घालून आजवर कुणाचं भलं झालंय? मतदान खासदार करणार, तुम्ही-आम्ही नाही. एनडीएकडं आकडा आहे, त्यांचे उमेदवार राधाकृष्णन निवडून येणार हे शेंबड्या पोरालाही कळतंय. रेड्डी नक्षलवादी असोत नाहीतर संत, ९ तारखेला संध्याकाळी विषय संपला. मामांना पान द्या अन् गप बसा.

किनवटचा_काळा_कोट (किनवट)

पोरी, गप बसू नको. हारणार आहे म्हणून त्याच्यावर काहीही फेकावं असं थोडंच आहे?

मी किनवटच्या कोर्टात उभा राहणारा साधा तालुक्याचा वकील. निम्म्या केसेस जंगलखात्याच्या. सागवान तोडलं, बैलगाडी पकडली, राखीव वनात नांगर घातला, असल्या. त्यामुळं हा निकाल माझ्या धंद्याच्या जवळचा आहे आणि मी तो पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलाय. रेड्डींनीही शहांना एवढंच उत्तर दिलं: निकाल चाळीस पानांचा आहे, गृहमंत्र्यांनी पूर्ण वाचला असता तर ते तसं बोलले नसते, आणि तो निकाल माझा नाही, सर्वोच्च न्यायालयाचा आहे.

आधी पार्श्वभूमी, कारण टीव्हीवर ती कुणी सांगत नाही. सलवा जुडूम २००५ मध्ये छत्तीसगडच्या दंतेवाडा भागात सुरू झालं. त्याचा चेहरा होते महेंद्र कर्मा, काँग्रेसचे आणि तेव्हा विधानसभेतले विरोधी पक्षनेते. पाठबळ दिलं रमणसिंहांच्या भाजप सरकारनं. आणि त्यात नेमलेल्या आदिवासी पोरांच्या मानधनाचा पैसा भरून देत होतं दिल्लीतलं यूपीए सरकार. म्हणजे खटला उभा राहिला तेव्हा एका बाकावर भाजपचं राज्य सरकार, त्याच्या शेजारी काँग्रेसचं केंद्र सरकार, आणि समोर प्राध्यापक नंदिनी सुंदर, इतिहासकार रामचंद्र गुहा आणि निवृत्त सनदी अधिकारी ई. ए. एस. सरमा. निकाल दोन्ही सरकारांच्या विरोधात गेला. आज त्याच काँग्रेसनं तोच न्यायाधीश उमेदवार केलाय. मामांना चिमटा काढायचाच असेल तर इथं काढू दे, मी आडवा येणार नाही.

आता पोरांचं. सलवा जुडूमच्या जोडीनं आदिवासी तरुणांना विशेष पोलीस अधिकारी नेमलं, त्यांना एसपीओ म्हणायचे. सुमारे साडेसहा हजार. मानधन महिना ३,००० रुपये. पाचवी पास असेल तर प्राधान्य. प्रशिक्षण दोन महिन्यांचं. त्या दोन महिन्यांत काय शिकवलं याचा तक्ता सरकारनंच कोर्टात दिला आणि तो निकालात जसाच्या तसा आहे. भारतीय दंड संहिता, फौजदारी प्रक्रिया संहिता, पुरावा कायदा वगैरे सगळं मिळून २४ तासिका. मानवाधिकार आणि संविधान १२ तासिका. न्यायवैद्यक सहा. बस्तरची संस्कृती आणि चालीरीती नऊ. झालं. हातात बंदूक अन् जंगलात पुढं.

आम्ही तीन वर्षं घासली आणि पुरावा कायदा अजून धड उमजत नाही. माझ्याकडं मागं एक कोलाम पोरगा आला होता, माहूरकडच्या पाड्यावरचा. गुन्हा सागवानाच्या दोन ओंडक्यांचा. जामिनाच्या कागदावर अंगठा घ्यायचा होता. कारकुनानं शाईचा डबा पुढं केला तर पोरगं मागं सरकलं. त्याला वाटलं, अंगठा दिला की जमीन गेली. आजाची गेली होती म्हणे तशीच. त्याच्या गावचा एकजण दुभाषा म्हणून उभा केला, कागदात काय लिहिलंय ते त्याच्या बोलीत सांगितलं, तेव्हा कुठं हात पुढं आला. असल्याच पोराला २४ तासांत कायदा शिकवला, कुणाला धरायचं अन् कुणावर गोळी झाडायची हे त्यानं ठरवायचं, असं सरकार सांगत होतं. कोर्टानं विचारलं की हे शक्य तरी आहे का, आणि ज्याला पुरेशी शिकवण नाही, पुरेसा पगार नाही, त्याला माओवाद्यांच्या तोंडी देणं म्हणजे त्याच्याच जगण्याच्या हक्कावर घाला नाही का? अनुच्छेद १४ आणि २१ चा भंग म्हणून ती नेमणूक रद्द झाली. बंदुका परत घ्या असा आदेश झाला. आणि हे नीट ऐक, त्या पोरांना नक्षलवाद्यांपासून संरक्षण द्या असाही आदेश त्याच निकालात आहे. नक्षल्यांची बाजू घेणारा माणूस असा आदेश कशाला देईल?

माओवाद्यांशी लढू नका असं त्या चाळीस पानांत कुठंही नाही. लढा, पण नीट भरती केलेले, नीट शिकवलेले पोलीस घेऊन लढा, एवढंच आहे.

आणखी एक. खंडपीठ दोघांचं होतं. दुसरे न्यायमूर्ती एस. एस. निज्जर. त्यांचं नाव कुठल्या चॅनेलवर ऐकलंस का? नाही ऐकणार. ते उमेदवार नाहीत ना.

हा निकाल ५ जुलै २०११ चा. आदल्याच दिवशी, ४ जुलैला, याच दोघांनी काळ्या पैशाच्या चौकशीसाठी विशेष तपास पथक नेमायचा आदेश दिला. अर्जदार कोण, तर राम जेठमलानी, तेव्हा भाजपचे खासदार. यूपीए सरकारनं ते पथक टाळलं. २०१४ च्या मे महिन्यात मोदी सरकारच्या पहिल्याच मंत्रिमंडळ बैठकीत ते नेमलं गेलं आणि त्याचा डंका मामांनीही ऐकला असेल. मग ४ तारखेचे रेड्डी देशभक्त अन् ५ तारखेचे नक्षलसमर्थक, हे कसं?

तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं. निकालावर टीका करायला कुणाची बंदी नाही. आम्ही बाररूममध्ये दुपारच्या चहाला दुसरं करतो काय? खरं सांगायचं तर या निकालाची सुरुवातीची पानं मलाही जड वाटतात. विकासाचं मॉडेल, जागतिकीकरण, खाणी यांच्यावर लांबच लांब भाष्य आहे, ते नसतं तर निकाल अधिक टोकदार झाला असता. त्यावर शहांनी बोट ठेवलं असतं तर मी मान डोलावली असती. पण निकाल चुकला म्हणणं वेगळं आणि निकाल देणाऱ्याचं इमान शत्रूकडं गहाण होतं म्हणणं वेगळं. पहिल्याला कारणं द्यावी लागतात. दुसऱ्याला क्लिप पुरते. संसदेतसुद्धा न्यायाधीशाच्या कामकाजातल्या वर्तनावर चर्चा करता येत नाही, बडतर्फीचा प्रस्ताव असेल तरच, अनुच्छेद १२१ बघ. परीक्षेलाही कामी येईल.

गट१२_निवृत्त (हिंगोली)

वकीलसाहेब, राम राम. तुमचं लिहिणं वाचलं. कागदावर सगळं बरोबर दिसतंय. पण मी हिंगोलीच्या राज्य राखीव दलातून रिटायर झालेला माणूस, गडचिरोलीच्या बंदोबस्ताला जाऊन आलेला. २००९ च्या ऑक्टोबरात लाहेरीला नक्षल्यांनी १७ पोलीस मारले. आम्ही त्या रस्त्यानं चाललेलो आहोत. रस्त्यावर नवी माती दिसली तरी पोटात गोळा यायचा.

जंगलात बाहेरचा जवान आंधळा असतो. पायवाट कोणती, पाणी कुठं, गावात कोण नवीन आलंय, हे तिथल्या पोरालाच कळतं. ती पोरं कोर्टानं काढून घेतली म्हणजे आमचे डोळे काढले. दिल्लीत एसीत बसून अनुच्छेद २१ लिहिता येतो, बारूद सुरुंगावर पाय ठेवणाऱ्याचाबी अनुच्छेद २१ असतो का नाही?

अन् १८ निवृत्त न्यायाधीशांनी रेड्डींच्या बाजूनं पत्रक काढलं ते सगळे सांगायलेत, दुसऱ्याच दिवशी ५६ जणांनी उलट पत्रक काढलं ते कुणी सांगत नाही. त्यात दोन माजी सरन्यायाधीश, सदाशिवम अन् गोगोई. त्यांचं म्हणणं सरळ आहे: हा माणूस आपल्या मर्जीनं विरोधकांचा उमेदवार झाला, आता बाकी उमेदवारांसारखा मैदानात उत्तर द्यावं, न्यायालयाची ढाल कशाला? मला पटतं. मी त्यांना नक्षलवादी म्हणणार नाही, माझ्या तोंडात तो शब्द स्वस्त नाही. पण निकालानं नुकसान झालं हे मी म्हणणार.

किनवटचा_काळा_कोट

साहेब, तुमच्यासारख्यानं बोलावं आणि मी ऐकावं, हा मान तुमचा. पण डोळ्यांचं तुम्हीच काढलंत म्हणून गडचिरोलीचंच उदाहरण देतो. आपलं नक्षलविरोधी सी-६० पथक १९९० मध्ये उभं राहिलं, के. पी. रघुवंशी पोलीस अधीक्षक असताना. त्यात कोण? तिथलीच पोरं. गोंडी, माडिया बोलणारी, पायवाटा माहीत असलेली. फरक काय? ती पोलीस म्हणून भरती झालेली, पूर्ण पगाराची, नोकरीची हमी असलेली, गेली तर घरच्यांना मागं काहीतरी मिळेल अशी. तुम्ही त्यांच्याबरोबर काम केलंत, तुम्हाला मी काय सांगणार. कोर्टानं स्थानिक पोरांना बंदी घातली नव्हती, तीन हजारांत उरकायला बंदी घातली होती.

आता नुकसान. सलवा जुडूम जोरात होतं तेव्हाच, मार्च २००७ मध्ये, छत्तीसगडातल्या बिजापूरकडं राणी बोदलीच्या तळावर हल्ला झाला. ५५ जण गेले आणि त्यात मोठा भाग याच एसपीओ पोरांचा होता. ताडमेटलाजवळ ७६ जवान गेले ते ६ एप्रिल २०१० ला. निकाल आला त्यानंतर सव्वा वर्षानं. म्हणजे जुडूम चालू असताना नक्षलवाद मोडत चालला होता आणि कोर्टानं येऊन हात धरला, असं चित्र काढता येत नाही. गावं ओस पडली, लोक छावण्यांत आले, काही आंध्रात पळाले. जे गेले नाहीत त्यांच्यावर ते नक्षल्यांचे म्हणून शिक्का. दोन्हीकडच्या बंदुकांमध्ये लोक सापडले आणि त्यातले कितीतरी वैतागून उलट बाजूला गेले.

आमच्या भागाला हे नवं नाही. किनवटच्या पलीकडं आदिलाबाद. २० एप्रिल १९८१ ला इंद्रवेल्लीत गोंडांच्या सभेवर पोलिसांनी गोळी चालवली. सरकारी आकडा १३ चा, लोक कितीतरी जास्त सांगतात. मागणी होती जमिनीच्या पट्ट्यांची. त्यानंतर त्या जंगलात पीपल्स वॉर या नक्षलवादी संघटनेला पोरं कमी पडली नाहीत. आमच्या बाजारला तिकडून येणारे म्हातारे त्यांना 'अन्नलु' म्हणायचे, थोरले भाऊ. मला ते ऐकून चीड यायची, कारण हेच थोरले भाऊ खबऱ्या ठरवून गोंडालाच झाडाला बांधून मारायचे. पण ते 'भाऊ' झाले कशामुळं हे विसरून चालत नाही. त्या चाळीस पानांत हेच म्हटलंय, जरा जड भाषेत.

५६ जणांचं म्हणणं मला अर्धं पटतं. उमेदवार झाला तर उत्तर द्यावंच. रेड्डींनी दिलंही, पत्रकारांसमोर येऊन, आवाज न चढवता. पण १८ जणांची हरकत वेगळी आहे आणि त्यातले कुरियन जोसेफ, चेलमेश्वर, लोकूर, ओक हे काही कुणाचे कार्यकर्ते नाहीत. त्यांचं म्हणणं, निकालाचा उलटा अर्थ लावून देशाचा गृहमंत्री बोलू लागला तर उद्या बाकावर बसलेला न्यायाधीश सरकारविरुद्ध लिहिताना दहादा विचार करेल. आमचे अभय ओक त्यात आहेत, मुंबई उच्च न्यायालयातून वर गेलेले. शब्द तोलून वापरणारा माणूस आहे.

उदगीरचा_मास्तर (उदगीर)

चर्चा उत्तम चाललीय, मी जरा इतिहासाचा तास घेतो. बेल झाली की थांबतो.

२०१७. विरोधकांचे उपराष्ट्रपतिपदाचे उमेदवार गोपाळकृष्ण गांधी. महात्मा गांधींचे नातू, बंगालचे माजी राज्यपाल. त्यांच्यावर हल्ला कशावरून? याकूब मेमनच्या फाशीविरुद्ध राष्ट्रपतींना पत्र लिहिलं होतं म्हणून. आणि तो मुद्दा जोरात लावून कोणी धरला, तर शिवसेनेच्या संजय राऊतांनी. गोपाळकृष्ण गांधींनी सांगितलं, मी फाशीच्या शिक्षेच्याच विरोधात आहे, महात्माजीही होते, बाबासाहेबही होते. कुणी ऐकलं नाही. वेंकय्या नायडू ५१६, गांधी २४४. आज तेच राऊत रेड्डींच्या बाजूनं उभे. मला राऊतांचं वाईट वाटत नाही, प्रसंगानुसार माणूस बदलतो. पण आठ वर्षांपूर्वी याकूबचा शिक्का मारणारे आज नक्षलच्या शिक्क्यावर रडतात तेव्हा पाठीमागच्या बाकावरून हसू फुटतं.

आपल्या मराठी माणसाचंही होऊन गेलंय. २००२ मध्ये भैरोसिंह शेखावतांच्या विरोधात आपले सोलापूरचे सुशीलकुमार शिंदे होते. ४५४ विरुद्ध ३०५. हरले आणि काही महिन्यांत महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले. सोलापूर कोर्टात पट्टेवाला म्हणून सुरुवात केलेला माणूस तिथवर गेला, पण त्या निवडणुकीत त्यांच्यावर कुणी देशद्रोहाचा ठपका ठेवल्याचं मला तरी आठवत नाही. वाजपेयींचा काळ. वाईट होता असं म्हणवत नाही.

आणि अस्मितेचं नाटक दोन्हीकडं आहे. फडणवीस म्हणाले, राधाकृष्णन आपले राज्यपाल, मुंबईचे मतदार, तेव्हा ठाकरे-पवारांनी त्यांना मत द्यावं. तिकडं रेवंत रेड्डी म्हणाले, सुदर्शन रेड्डी तेलुगू, तेव्हा चंद्राबाबू अन् जगननी त्यांना मत द्यावं. २००७ मध्ये शिवसेनेनं प्रतिभाताईंना मराठी म्हणून मत दिलं होतं, त्याची आठवण दोघांनाही असणार.

गोदाकाठ

सगळ्यांचे खूप आभार. वकीलकाका, २४ तासिकांचा मुद्दा मी मामांना फोनवर सांगितला. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, आमच्या कृषी सहायकाचं ट्रेनिंगसुद्धा याहून लांब होतं. पण लगेच दुसरी क्लिप पाठवली. रेड्डी दिल्लीत लालूप्रसाद यादवांना भेटले म्हणून. रविशंकर प्रसाद त्यावर बोलले होते. आता यावर काय म्हणू?

किनवटचा_काळा_कोट

यावर काही म्हणू नको. ती टीका रास्त आहे.

लालू चारा घोटाळ्यात दोषी ठरलेले आहेत आणि ते मतदारही नाहीत, खासदार नाहीत म्हणून. मतं मागायला राजदच्या खासदारांना भेटले असते तरी चाललं असतं. आयुष्यभर न्यायाच्या खुर्चीवर बसलेल्या माणसानं तिथं जाऊन फोटो काढायला नको होता, मला आवडलं नाही. ही त्यांनी उमेदवार म्हणून, आपल्या पायानं चालत जाऊन केलेली गोष्ट आहे, तिचा जाब त्यांनी द्यावा. मी सगळ्या बाबतींत त्यांचं वकीलपत्र घेतलेलं नाही. निकालापुरतं घेतलंय.

मामांकडं आणखी एक मुद्दा येईल बघ: तेलंगणाची जातगणना. तिचा अभ्यास करणाऱ्या तज्ज्ञ गटाचे अध्यक्ष रेड्डी होते. त्यावर कुणी त्यांना धारेवर धरलं तर धरू दे, तीही धोरणाची गोष्ट आहे. आणि आपल्या मराठवाड्यात या घडीला जात अन् हैदराबादचं गॅझेट सोडून बोलायचंच काय उरलंय? परवा मराठा आरक्षणाचा जीआर निघाल्यापासून माझ्याकडं पक्षकार कमी अन् कुणबी नोंद शोधणारे जास्त येतायत. ते असो.

फक्त नक्षल हा शब्द आला की थांबव. जुलैत आपल्या विधिमंडळानं जनसुरक्षा विधेयक मंजूर केलंय, कडव्या डाव्या संघटनांवर बंदीसाठी. उद्या तो कायदा माझ्या कोर्टात कुणातरी पोरावर लागून येईल. तेव्हा सरकारी वकिलानं कागद दाखवावा, टीव्हीवरची पट्टी नको, एवढीच माझी गरज आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या माजी न्यायाधीशाला क्लिपवर नक्षलवादी ठरवता येत असेल तर माझ्या कोलामाची काय कथा.

गट१२_निवृत्त

कागद पाहिजेच, त्याला मी नाही म्हणत नाही. खोटा माणूस धरला की खरा हसत निघून जातो, हे आम्ही बघितलंय. पण वकीलसाहेब, त्या पोरांच्या बंदुका काढल्या, मग ती गेली कुठं? गावात परत गेली असतील तर नक्षल्यांनी ठेवली असतील का?

किनवटचा_काळा_कोट

साहेब, हाच प्रश्न टीव्हीवर एकानं तरी विचारायला हवा होता.

बहुतेक गावात परत गेली नाहीत. निकालानंतर छत्तीसगड सरकारनं २०११ मध्येच सहायक सशस्त्र पोलीस दलाचा कायदा केला आणि त्यांना त्यात घेतलं. आम्ही काही जणांनी तेव्हा त्याला पळवाट म्हटलं. न्यायालयाचा अवमान झाला म्हणून नंदिनी सुंदर यांनी अर्जही केला होता. तो यंदाच्या मे महिन्यात निकाली निघाला. विधिमंडळानं कायदा केला म्हणजे अवमान होत नाही, असं न्यायालय म्हणालं. पुढं जिल्हा राखीव गार्ड, डीआरजी, वाढवलं गेलं. स्थानिक पोरं आणि शरण आलेले नक्षलवादी घेऊन, पण पोलीस दलाचा भाग म्हणून. २१ मे २०२५ ला अबुझमाडात माओवाद्यांचा सरचिटणीस बसवराजू मारला गेला तो याच डीआरजीच्या हातून. शहांनी स्वतः त्या जवानांचं कौतुक केलं. म्हणजे निकालानं जे करा म्हटलं होतं, त्याच्या बरंच जवळ जाऊन सरकारनं हे यश मिळवलंय. डीआरजीवर आरोप नाहीत असं नाही, तो वेगळा धागा होईल. पण रेड्डींनी लढाई थांबवली हे त्यात बसत नाही.

फुकटचा_सल्ला (९ सप्टेंबर, रात्री)

लागला निकाल. राधाकृष्णन ४५२, रेड्डी ३००, बाद १५. म्हटलं होतं ना?

उदगीरचा_मास्तर

म्हटलं होतंस, बाबा. पण विरोधक सांगत होते आमचे ३१५ हजर, अन् पेटीत निघाले ३००. गुप्त मतदान, व्हिप नाही, त्यामुळं कुणाचं फुटलं अन् कुणाचं बाद झालं हे ब्रह्मदेवालाही कळायचं नाही. खासदाराला पसंतीचा एक आकडा लिहिता येत नाही आणि आपण पाचवी पास पोरांवर बोलतोय!

गोदाकाठ

मामांचा मेसेज आला, "बघ, हारले." मी उत्तर दिलं, हारण्याबद्दल आपला वाद नव्हताच. त्यांनी अंगठा पाठवलाय. आता त्यांना निकालाची प्रत हवीय, पण मराठीत. आहे का कुठं?

किनवटचा_काळा_कोट

माझ्याकडं इंग्रजीच आहे. ती २४ तासिकांची दोन पानं आणि शेवटचा आदेश एवढं मराठी करून दिवाळीच्या सुट्टीत टाकतो. सगळं जमणार नाही.

आणि मास्तर, तेलुगू अस्मितेचं तुम्ही काढलंत म्हणून. केसीआर आठवतात का, तेलंगणाचे तेव्हाचे मुख्यमंत्री, फेब्रुवारी २०२३ ला नांदेडला सभा घेतली होती? आमच्याकडचे कितीजण गुलाबी गमछे घालून गेले होते. रेड्डी तेलंगणाचेच, तरी केसीआरच्या पक्षानं आज मतदानच केलं नाही. कारण दिलं, शेतकऱ्यांना युरिया मिळत नाही. आमच्या किनवटच्या दुकानापुढंही युरियाची रांग आहेच.

गट१२_निवृत्त

हिंगोलीतबी हाय. तुमच्याकडं गोणी केवढ्याला पडायली?

किनवटचा_काळा_कोट

गोणीवर छापलेला भाव वेगळा अन् दुकानदार सांगतो तो वेगळा. वर नको असलेलं खत सोबत घ्यावं लागतं ते निराळंच. पावती मागितली की माल संपतो.